पेटी मोठी करून बघा

आमचे सर टरबूज घ्यायला आले की गाडेवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवायचा. सर एक टरबूज उचलत, कानाशी धरून वाजवत, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. शेवटी गाडेवाल्याचा धीर सुटायचा. "साखर हाय सर, साखर. डोळे झाकून घेऊन जा." एवढं तो म्हणाला की सौदा संपलाच. सर टरबूज जागेवर ठेवत आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणत, "बाई, इतक्या खात्रीनं सांगून राहिला म्हणजे काहीतरी गडबड आहे." मग आम्ही हात हलवत परत.

'बाई' म्हणजे मी. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, मी नांदेडला त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी साधी विद्यार्थिनी. पण सर सगळ्या मुलींना बाई म्हणत आणि सगळ्या मुलांना महाराज. नाव घेतलं की जवळीक होते आणि जवळीक झाली की माणूस चुका सांगायला कचरतो, असं त्यांचं म्हणणं. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, मला सांगायच्या, "मला पण पहिली दोन वर्सं बाईच म्हणायचे गं."

सरांचं गाव कंधारकडचं. जन्म गेला त्या रस्त्यानं जाण्यात, तरी बसवर 'कंधार' अशी ठळक पाटी असताना ते कंडक्टरला विचारत, "ही कंधारचीच ना?" तो हो म्हणाला की लांब उभ्या असलेल्या कुणाला तरी पुन्हा विचारत. त्यातही त्यांचा एक नियम होता. दुसरा माणूस पहिल्याच्या जवळ उभा असलेला चालत नसे. "जवळचा माणूस ऐकलेलंच परत सांगतो. दुसरी साक्ष घ्यायची तर लांबून घ्यावी." कुलूप लावून ओढून बघायचे, फाटकापर्यंत जायचे, परत येऊन ओढायचे. त्यांचा सत्कार करायला एकदा कुणी हार घेऊन आलं होतं. सरांनी मान पुढे करण्याऐवजी मागे घेतली आणि विचारलं, "का बरं?" तो हार शेवटी टेबलावरच सुकला.

अशा माणसाकडे मी काय करत होते, हे माझ्या वडिलांनाही नीटसं कळत नव्हतं, त्यामुळे इथे सांगून टाकते. लेसरचे अतिशय जोरकस आणि अतिशय छोटे झोत लहानशा रेणूंवर पडले तर त्यांच्यातला इलेक्ट्रॉन कसा सुटतो, हा आमचा विषय. छोटा म्हणजे किती? एका सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार, असं पाच वेळा करा. जो तुकडा हाती लागेल, तसल्या थोड्याशा तुकड्यांपुरता तो झोत टिकतो. पण तेवढ्यात त्याचा जोर असा, की इलेक्ट्रॉन ज्या भिंतीआड बसलेला असतो ती भिंत एका अंगाला वाकते आणि पातळ होते. इलेक्ट्रॉन तिच्यावरून उडी मारत नाही. माठातलं पाणी झिरपावं तसा तिच्यातून बाहेर झिरपतो. तो गेला की रेणूचा आयन झाला.

माझा रेणू कार्बन डायऑक्साइडचा होता. मधे कार्बन, दोन टोकांना दोन ऑक्सिजन, खांद्यावर कावड घेतलेल्या माणसासारखा. ही कावड झोताच्या दिशेला उभी धरली, आडवी धरली, तिरपी धरली, तर कुठल्या कोनात इलेक्ट्रॉन सहज सुटतो, एवढंच मला काढायचं होतं. आमच्याकडे लेसर नव्हता. सगळं कॉम्प्युटरवर. एकदा तपासणीला आलेल्या समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्या प्रयोगशाळेत लेसर काही दिसत नाही." सर म्हणाले, "इलेक्ट्रॉन तरी कुठं दिसून राहिला?" त्या वर्षी आमच्या विभागाला नवा कॉम्प्युटर मिळाला नाही.

आणि अशातच ते टेकाड आलं.

माझ्या आलेखात तिरप्या कोनापाशी एक टोकदार टेकाड उभं राहिलं. जुन्या सूत्रांनी काढलं तर त्या जागी बसका उंचवटा यायचा. पण परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं खरोखरचा लेसर मारून जे मोजलं होतं, त्यात नेमकं असंच टोकदार टेकाड होतं, याच कोनाला. मी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. तंतोतंत. मी कागद घेऊन धावतच सरांच्या खोलीत गेले.

सरांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"जुळून राहिलं," ते म्हणाले.

"हो सर!"

"तेच तर खटकून राहिलं ना, बाई."

पुढे म्हणाले, "पेटी मोठी करून बघा."

या पेटीचं सांगायला हवं. सुटलेल्या इलेक्ट्रॉनची लाट कॉम्प्युटरमध्ये वाटेल तितकी लांब पसरू देता येत नाही. तिच्याभोवती आकड्यांची एक पेटी आखावी लागते. पेटीच्या कडांना लाट शोषून घेणारा पट्टा लावतात, म्हणजे लाट कडेला पोचली की तिथेच जिरते. पेटी जितकी मोठी, तितकं गणित लांबतं. आमची पेटी माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांनी ठरवलेली होती आणि तिचं माप कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. विभागाची लाइट दुपारून जायची. आमचा जुना प्रोग्राम मधेच थांबवून तिथूनच पुढे चालवायची सोय नव्हती. तेव्हा सकाळी सुरू केलेलं गणित लाइट जायच्या आत संपेल, एवढीच पेटी घ्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. तो रिवाज आहे हेही आम्ही विसरून गेलो होतो. मला वाटायचं, पेटी तेवढीच असते.

मी म्हटलं, "सर, पेटी मोठी केली तर गणित संपायच्या आत लाइट जाईल."

"जाऊ द्या."

"सर, लातूरची जागा निघालीय."

लातूरच्या एका कॉलेजात माझ्या विषयाची एकच जागा निघाली होती. मुलाखतीत दाखवायला एखादा शोधनिबंध, निदान छापायला पाठवलेला तरी, हातात हवा होता. आमचं गाव देवणीजवळ. वडील गुरं पाळतात, देवणी जातीचे वळू तयार करून बाजारात उभे करतात. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "या खेपेला जागा मिळाली तर तू अन् तुझी नोकरी. न्हाई मिळाली तर पाव्हणे बोलावतो, मग मला काही म्हनायचं न्हाई." ते शब्दाचे पक्के होते. ते टेकाड म्हणजे माझी नोकरी होती आणि सर ते बाहेर जाऊ देत नव्हते.

मला त्यांचा इतका राग आला की त्या आठवड्यात मी त्यांच्यासमोर चहासुद्धा घेतला नाही.

आमच्या शेजारच्या केबिनमध्ये दुसरे एक सर बसत. गोड बोलणारे. त्यांनी मला एकदा आत बोलावून दार लोटलं. "बाई नाही म्हणत मी तुला, बेटा म्हणतो. एक सांगू? तुमच्या सरांनी याआधी पण एका पोराचं असंच अडवून ठेवलं होतं. तो बिचारा कंटाळून शाळेत मास्तर झाला. निबंध अडकवून ठेवायचा, अन् मग हळूच आपल्या नावावर... मी काही म्हणत नाही. तू हुशार आहेस."

पेरलेलं उगवायला वेळ लागत नाही. दोनच दिवसांनी मी पाहिलं, बाहेरून व्याख्यानाला आलेल्या एका प्राध्यापकांना सर कँटीनच्या मागे घेऊन उभे होते. त्या दोघांच्या हातात माझा आलेख. मी जवळ गेले तसे दोघं बोलायचे थांबले. सर म्हणाले, "काही नाही बाई, हे म्हणतात छान जुळलंय." आणि कागद घडी करून खिशात घातला. माझा कागद, त्यांचा खिसा.

मी घरी फोन केला. तिसऱ्या दिवशी वडील धोतर-पटक्यात विभागाच्या दारात हजर. मला वाटलं आता भांडण होणार, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. सर त्यांना चहाच्या टपरीवर घेऊन गेले. मी मागे.

वडील म्हणाले, "सर, पोरीचं काम का अडवून ठिवलं?"

"मी अडवलं नाही. पेटी मोठी करून बघा म्हणून राहिलो. ऐकत नाहीत."

"अन् न्हाई बघितलं तर? कुनाला कळंल का?"

"बिलकुल नाही कळणार. उलट टाळ्या वाजवतील."

"मग?"

सरांनी चहा खाली ठेवला. "अहो, मला शंका आलीय ना. आता ती कुठं ठेवू?"

वडिलांनी चहा संपवला आणि उठले. बसस्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले आणि वाटभर सरांची उणीदुणी काढली. वडील एकदाच म्हणाले, "मानूस तिरपागडा हाय. पन त्यो तुझं लई कौतुक करून गोड बोलला असता, तर मी तुला आजच गावाकडं नेलं असतं. बाजारात गोड बोलनाऱ्याच्या बैलाचे दात आधी बघावे लागतात." मला ते अजिबात पटलं नाही. माझ्या बापाला पण यांनी एका चहात फिरवलं, असंच मी मनात म्हटलं.

पण एक झालं. मी ठरवलं, पेटी मोठी करायचीच. सरांचं तोंड बंद करायला. टेकाड तसंच राहिलं की मग बोलायला जागा उरणार नाही.

लाइटचा प्रश्न होताच. त्यावर सरांनीच तोड काढली आणि माझा संशय आणखी पक्का केला. त्यांच्या घराला दवाखान्याकडच्या लाइनीवरून वीज होती, ती सहसा जात नसे. ते म्हणाले, "मशीन आमच्या घरी नेऊ." विभागाची रीतसर परवानगी काढून आम्ही कॉम्प्युटर रिक्षात घातला. शेजारच्या केबिनमधले सर गॅलरीत उभे राहून बघत होते. माझ्याकडे बघून त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या. मशीन घरी नेलं? मग काम त्यांच्याच नावावर गेलं म्हणून समज.

सरांच्या बाहेरच्या खोलीत, काकूंच्या शिवणयंत्राशेजारी, आम्ही तो कॉम्प्युटर मांडला. मी नवी पेटी आखली, जुनीच्या कितीतरी पट मोठी, आणि कडेचा पट्टाही जाड केला. गणित सुरू केलं. ते संपायला पुष्कळ दिवस लागणार होते. तेवढ्यात सरांनी खुंटीवरची पिशवी काढली.

"आम्ही दोघं माहूरला जाऊन येतो. देवीचं राहून गेलंय. ही घराची किल्ली. अन् ही दुसरी."

"दुसरी कशाला, सर?"

"दोन्ही तुमच्याकडे राहू द्या. म्हणजे आम्ही मधेच येऊन मशीन उघडून बसलो होतो का, हा विचार नको तुम्हाला."

माझे कान तापले. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. सर मात्र अगदी गंभीर. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाले, "नाही नाही, बरोबर आहे तुमचं. संशय घ्यावाच." आणि जाताना सवयीनं दार ओढून बघितलं, मी आत असताना.

मी रोज सकाळी हॉस्टेलवरून यायची, पडद्यावर आकडे सरकताना बघायची आणि संध्याकाळी दोन्ही किल्ल्या मुठीत धरून परत जायची. मधल्या वेळात मुलाखतीत काय बोलायचं त्याची तयारी करायची. त्या तयारीतलं पहिलं वाक्य होतं, 'आमचं गणित प्रयोगाशी तंतोतंत जुळतं.'

गणित संपलं. मी आलेख काढला. टेकाड नव्हतं.

त्या जागी बसका उंचवटा होता, जुन्या सूत्रांचा यायचा जवळपास तसाच. मी म्हटलं मशीन बिघडलं. त्याच मशीनवर जुनी, छोटी पेटी लावली. टेकाड परत आलं, तसंच टोकदार, तसंच तंतोतंत. मग मात्र माझ्या लक्षात आलं. छोट्या पेटीत लाट कडेला पोचायची तेव्हा पातळ पट्ट्यात ती पूर्ण जिरतच नव्हती. उरलेली लाट कडेवर आपटून मागे फिरत होती आणि आत राहिलेल्या लाटेत मिसळत होती. त्या मिसळण्यातून तिरप्या कोनाला टेकाड उठत होतं. रेणूचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ते टेकाड आमच्या विभागाची लाइट दुपारी जाते म्हणून आलं होतं, आणि योगायोगानं परदेशातल्या टेकाडावर जाऊन बसलं होतं.

मी काकूंच्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसून रडले. लातूर गेलं, आता पाव्हणे येणार, पोहे करावे लागणार, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

सर आणि काकू माहूरहून आले ते तांबुलाचा प्रसाद घेऊन. काकूंनी माझा चेहरा पाहिला आणि आधी माझ्या हातावर तांबूल ठेवला. मी सरांना म्हटलं, "सर, टेकाड गेलं." मला वाटलं, ते म्हणतील, बघा, मी सांगत नव्हतो? तसं ते म्हणाले असते तर मी आयुष्यभर त्यांना माफ केलं नसतं.

सर चपला काढता काढता थांबले. "गेलं? कशावरून?"

"पेटी मोठी केली, तर गेलं."

"पण मोठ्या पेटीवर तरी विश्वास कसा ठेवायचा? आणखी मोठी करून बघा."

काकू ओरडल्या, "अहो, पोरीला घोटभर पानी तरी पिऊ द्या!"

पाणी पिऊन झाल्यावर मी स्पष्टच विचारलं. त्या पाहुण्या प्राध्यापकांना माझा आलेख का दाखवत होता? सर म्हणाले, "यात चूक शोधून द्या म्हणून मागं लागलो होतो. त्यांना सापडली नाही. मला पण सापडत नव्हती." मग त्या आधीच्या मुलाचं काय? "तो? त्याला पोरांना शिकवायला आवडायचं. मास्तर झाला, मजेत आहे. दिवाळीला येतो." वर म्हणाले, "बाई, तुम्ही संशय घेतला ते चांगलंच केलं. पण अर्धाच घेतला. माझ्यावर घेतला, टेकाडावर घेतलाच नाही. घ्यायचा तर पुरा घ्यावा."

आणखी मोठी पेटी केली. उंचवटा बसकाच राहिला. तेव्हा कुठे सरांनी निबंध पाठवायला होकार दिला. त्यात सांगण्यासारखं एवढंच होतं, की आमचं गणित प्रयोगाशी जुळत नाही आणि आधी जुळत होतं ती पेटीची करामत होती. शेजारच्या केबिनमधल्या सरांनी मला पुन्हा आत बोलावलं. "बेटा, मुलाखतीत जुना आलेख दाखव. लातुरात कोण पेट्या मोजतंय?" मी त्यांना म्हटलं, "का बरं, सर?" ते गडबडले. माझ्या तोंडून ते दोन शब्द कसे निघाले, याचं मलाच नवल वाटलं.

लातूरला मी बसका उंचवटा घेऊन गेले. समितीतल्या एकांनी विचारलं, "हे बाहेरच्या प्रयोगाशी जुळतं का?"

"नाही."

"मग इतकी वर्षं काय केलं तुम्ही?"

"आधी जुळत होतं. ती आमची चूक होती. ती कुठं होती ते शोधलं."

एकांनी पंख्याकडे बघितलं. मी बाहेर आले आणि परतीच्या बसमध्ये आईला फोन करून सांगितलं की पोह्यांची तयारी ठेव.

महिन्याभरानं नेमणुकीचं पत्र आलं. वडिलांनी गावात पेढे वाटले. मला मात्र त्यातला एकही गोड लागेना. आमच्या भागात ओळखीपाळखीशिवाय नोकरी लागते, असं सांगितलं तर शेंबडं पोर पण हसेल. माझं सगळं अगदी मनासारखं जुळलं होतं आणि तेच मला खटकत होतं. कुणीतरी कुठूनतरी फोन केला असणार. आणि माझ्यासाठी फोन करील असा माणूस नांदेडात एकच होता.

जायच्या दिवशी सर मला पोचवायला बसस्टँडवर आले. मी म्हटलं, "सर, एक विचारू? तुम्ही लातूरला कुणाशी बोलला होता का?"

सर बसच्या पाटीकडे निरखून बघत होते. "बोललो होतो."

म्हणजे ही पण छोट्याच पेटीची करामत. मला खरंच वाटलं, बॅग उचलावी आणि परत फिरावं.

"त्यांच्या समितीतल्या एकाचा फोन आला होता," सर म्हणाले. "तुमची विद्यार्थिनी कशी आहे म्हणून विचारून राहिला होता."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"आता मी कशाला खोटं सांगू? म्हटलं, लई संशयी आहे. माझ्यावर सुद्धा विश्वास ठेवत नाही."

मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण ते 'का बरं' म्हणाले असते. मी नुसतीच बसमध्ये चढले. पुढे लातूरच्या त्या समितीतल्या गृहस्थांशी माझी चांगली ओळख झाली. फोनवर सर नेमकं काय म्हणाले होते, हे त्यांना विचारणं काही अवघड नव्हतं. ही एकच गोष्ट मी दुसऱ्या माणसाला विचारून पाहिलेली नाही.

बस सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली सर एका हमालाला थांबवून विचारत होते, "ही लातूरचीच ना?" हमाल हो म्हणाला. सरांनी मान हलवली आणि बस फाटकाबाहेर पडेपर्यंत ते लांब उभ्या असलेल्या केळेवाल्याकडे चालत निघाले होते.